इंग्लिसची एलेव्हेटरची रांग

विनिपेगहून १६ क्रमांकाचा यलोहेड महामार्ग धरला की नीपावा, मिनेडोसा, शोल लेक मागे टाकत चारेक तासांत रसेल येतं. तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर इंग्लिस. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची ही पश्चिम कड. प्रेअरी म्हणताच डोळ्यांपुढे येणारं सपाट मैदान इथे थोडं उंचसखल होतं. मधेमधे अस्पेनच्या झाडांची राई लागते, एखाद्या टेकाडावर युक्रेनियन वसाहतकऱ्यांच्या चर्चचा घुमट दिसतो आणि बाकी सगळीकडे गहू आणि कनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबी). गाव अजून लांब असतानाच क्षितिजावर पाच उंच लाकडी इमारती एका ओळीत दिसू लागतात. यांना इथे सगळे नुसतं ‘एलेव्हेटर’ म्हणतात. शेतकऱ्याचं धान्य मोजून घ्यायचं, उंच कोठ्यांत साठवायचं आणि रेल्वेच्या डब्यात भरायचं, ही तिन्ही कामं एका छपराखाली करणारी ही यंत्र-इमारत.

इंग्लिसला रेल्वेची शाखा आली १९२२ मध्ये. त्या वर्षापासून १९४१ पर्यंत हे पाच एलेव्हेटर उभे राहिले आणि पुढे त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९३३ मध्ये प्रेअरी प्रांतांत (मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा) मिळून ५,७५८ एलेव्हेटर होते. आज लाकडी एलेव्हेटर शोधत फिरावं लागतं, आणि रुळांच्या जुन्या मार्गाला धरून अख्खी रांग उभी असणं तर फारच दुर्मीळ. आमच्या मते खरी किंमत त्या रांगेचीच आहे. एखादा एलेव्हेटर उचलून संग्रहालयाच्या अंगणात नेला तर इमारत वाचते, पण वेगवेगळ्या कंपन्या एकाच रुळावर, एकाच शेतकऱ्याच्या गाडीसाठी शेजारी शेजारी का उभ्या होत्या, ते तिथे कळत नाही. घोड्याच्या गाडीने एका दिवसात जाऊन परत यायचं तर दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे धान्य नेणं जमत नसे. म्हणून रुळांवर तेवढ्या तेवढ्या अंतराने गाव, आणि गावागणिक अशी रांग. भाव किंवा प्रत पटली नाही तर गाडी शेजारच्या दारात नेता यायची.

आत शिरायचं ते उतारावरून गाडीघरात. पायाखालची जाड फळ्यांची जमीन म्हणजेच काटा. भरलेली गाडी आधी तोलायची, मग पुढची बाजू उचलून मागचं दार उघडायचं. धान्य जाळीतून खालच्या खड्ड्यात पडतं आणि रिकामी गाडी पुन्हा तोलली जाते. एवढ्या वेळात एलेव्हेटर चालवणाऱ्या कंपनीच्या एजंटाने नमुना घेतलेला असतो. तो चाळणीवर घालून तणाचं बी, कोंडा, मोडका दाणा वेगळा काढायचा; त्याचा टक्का एकूण वजनातून वजा होतो. मग मापाच्या भांड्यात दाणा सपाट भरून त्याचं वजन बघायचं आणि शेवटी ओलावा. १४.५ टक्क्यांपर्यंत गहू कोरडा, त्यापुढे १७ टक्क्यांपर्यंत दमट आणि त्यावर ओला. बाजार समितीतला कडता ज्यांनी पाहिला आहे त्यांना या चाळणीभोवती किती वाद होत असतील ते सांगायला नको. प्रत ठरवण्याचे आणि वजावटीचे नियम सरकारकडे जावेत म्हणून प्रेअरीचे शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, त्याचं मूळ या टेबलावर आहे. म्हणून इथे येणाऱ्याने उंची बघत उभं राहण्याआधी चाळण्या आणि काट्याची दांडी नीट पाहावी.

खड्ड्याच्या तळाशी ‘बूट’ असतो, म्हणजे खालची कप्पी आणि तिच्याभोवतीची पेटी. तिथून माथ्यापर्यंत जाणारा, पत्र्याच्या वाट्या बोल्टने बसवलेला अखंड पट्टा म्हणजे ‘लेग’. वाट्या खालून धान्य उचलतात, माथ्याच्या कप्पीवरून वळताना ते फेकतात आणि फिरत्या नळीतून ते हव्या त्या कोठीत पडतं. नळी कुठल्या कोठीकडे आहे हे खालच्या तबकडीवर दिसतं. तबकडी एक घर चुकली तर गहू ओटच्या कोठीत, आणि मिसळलेलं धान्य सहजासहजी वेगळं होत नाही, त्याची प्रतच घसरते.

लेग तुंबण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: खड्ड्याची झडप एकदम जास्त उघडणं. वाट्या उचलतील त्यापेक्षा जास्त धान्य बुटात येतं आणि पट्टा जागीच अडतो. वर कप्पी मात्र फिरत राहते. घासून पट्ट्याचं रबर तापतं, आजूबाजूला धान्याची धूळ असते, आणि आग लागते ती अशी. म्हणून झडप आधी बंद करायची, यंत्र थांबवायचं, बुटाची दारं काढून हाताने धान्य उपसायचं आणि मगच पुन्हा चालू करायचं. आगीच्याच भीतीने इंजिन मुख्य इमारतीत ठेवत नसत. ऑफिस आणि इंजिनघर बाजूला वेगळं बांधून जोर आत दांड्याने किंवा पट्ट्याने आणला जाई.

धान्य कोठीत पडलं की काम संपत नाही. दमट गहू आतून तापतो. वास बदलला किंवा कोठीत खुपसलेली सळई हाताला गरम लागली, की ती कोठी खालून काढून लेगने दुसरीत घालायची, म्हणजे धान्य हलतं आणि गार होतं. त्यामुळे सगळ्या कोठ्या कधीच भरायच्या नाहीत, एक तरी रिकामी हवी.

भिंतींचं काम मात्र जवळ जाऊनच बघावं. या भिंती उभ्या खांबांच्या नाहीत. दोन इंच जाड फळ्या आडव्या पाडून एकावर एक रचल्या आहेत आणि लांब खिळ्यांनी ठोकल्या आहेत. खाली सहा इंच रुंद, वर चार इंच. कोपऱ्यात एक थर या भिंतीचा, पुढचा थर त्या भिंतीचा, असे एकमेकांत अडकवलेले. एका एलेव्हेटरमध्ये ३५ हजार बुशेल (धान्य मोजायचं तिथलं माप) गहू धरला, तर ते जवळपास साडेनऊशे टन. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतच जातो. धान्य तसं वागत नाही. दाणे भिंतीला घासून आपलं बरंच वजन भिंतीवर टाकतात, त्यामुळे काही खोलीनंतर आडवा दाब फारसा वाढत नाही, पण भिंतीवर उभा भार येतो. आडव्या थरांची भिंत हे दोन्ही सोसते. तिची एक खोड आहे: लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, जाडीत आकसतं. शेकडो थरांचं मिळून भिंत काही इंच खाली बसते. बाहेरून पत्रा ठोकताना हे विसरलं, तर पत्र्याला पोक येतं, खिळे उपटतात आणि नेमकं तिथून पाणी आत जातं.

या भिंतींत साठलेल्या गव्हाशी भारताचं एक नातं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेअरीभर पसरलेली मार्क्विस ही जात रेड फाइफ आणि हार्ड रेड कलकत्ता यांच्या संकरातली. दुसरी जात भारतातून गेलेली, लवकर पिकणारी. चार्ल्स साँडर्स यांनी ओटावात त्या संकरातून मार्क्विस निवडून काढली. ती रेड फाइफपेक्षा आठवडाभर आधी तयार व्हायची, आणि इथल्या शरदातल्या पहिल्या कडाक्यापुढे आठवडा म्हणजे अख्खं पीक.

जतनात खरा शत्रू पाणी. वरच्या टोपीची खिडकी फुटली किंवा छपराच्या देवदारी चकत्या उडाल्या, तर पाणी फळ्यांच्या थरांत शिरतं आणि तिथेच राहतं. बाहेरून रंग चांगला दिसत असतो. म्हणून दर वसंतात लाकडी हातोडीने भिंत ठोकत जायचं. आवाज बद्द आला की टोच्याने टोचून बघायचं. कुजलेला थर बदलताना कोठी आधी पूर्ण रिकामी, मग वरचा भाग जॅकवर तोलून एकावेळी थोडीच लांबी काढायची. घाई केली तर वरचे थर खाली येतात.

दुसरं पाणी खालून येतं. बुटाचा खड्डा जमिनीखाली, आणि मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की तो भरतो. पंप लागतोच, पण त्याआधी इमारतीभोवतीच्या मातीला बाहेरच्या दिशेने उतार हवा. बुटात उरलेलं धान्य पूर्ण काढावं; ते ओलावा धरतं, कोंब येतात, उंदीर येतात. आणि कबुतरं. जाळ्या न लावलेल्या एलेव्हेटरमध्ये विष्ठेचे थर साचतात. ती कोरडी झाडू नये, फुप्फुसांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आधी ओली करावी, चांगला मास्क लावावा, मग फावड्याने काढावी.

रिकामा एलेव्हेटर भरलेल्यापेक्षा अशक्त असतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. भरलेल्या कोठ्यांचं वजन त्याला वाऱ्यात धरून ठेवतं. ते गेलं की लाकूड वाळतं, खिळे सैल होतात, इमारत हलू लागते. आणि आग तर क्षणाची. ट्रान्स-कॅनडा महामार्गावरच्या फ्लेमिंगचा (सस्कॅचेवान) १८९५ चा एलेव्हेटर कॅनडातल्या सर्वांत जुन्या उभ्या एलेव्हेटरपैकी होता. फेब्रुवारी २०१० मध्ये कुणीतरी लावलेल्या आगीत तो गेला. त्यामुळे कुलपं, आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी तार आणि रात्रीचा पहारा यांवरचा खर्च रंगकामाच्या आधी करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट गावांना उशिरा कळते. एलेव्हेटर कंपनीचा असला तरी जमीन बहुतेकदा रेल्वेची, भाड्याने घेतलेली. नव्वदच्या दशकात धान्य-वाहतुकीचं अनुदान संपलं, शाखा बंद झाल्या, कंपन्यांनी काँक्रीटची मोठी केंद्रं बांधली आणि जुन्या इमारतींवरचा कर आणि जबाबदारी टाळायला त्या पाडल्या. इमारत दान मिळाली तरी जमिनीचा कागद नसेल तर जतन उभं राहत नाही. तो कागद आधी.

रुळाच्या बाजूला गेलात तर डबे भरण्याची नळी दिसेल. जुन्या बंद डब्यांच्या दारात आतून फळ्या ठोकून, फटी बुजवून मगच धान्य सोडत. डबे कुणाला आधी मिळणार, यावर १९०२ मध्ये आताच्या सस्कॅचेवानमधल्या सिंटालुटा गावच्या शेतकऱ्यांनी रेल्वेच्या एजंटावर खटला भरला आणि जिंकला. तेव्हापासून डब्यांच्या मागणीची नोंदवही पाळणं टाळता येईना. अशा वह्या, वजनपावत्या, नमुन्याच्या पिशव्या कुठल्याही गावात सापडल्या तर इमारतीइतक्याच जपाव्यात.

लेग वर्षातून एकदा तरी फिरवावा. आधी धूळ काढायची, माथ्याच्या बेअरिंगला ग्रीस, मग पट्टा हाताने एक पूर्ण फेरा. कप्पीवर तो एका बाजूला सरकत असेल तर बुटाकडचे ताणाचे स्क्रू दोन्हीकडे थोडेथोडे फिरवून मध्यावर आणायचा. त्यानंतरच मोटर. फिरवताना जुना एजंट शेजारी असला तर उत्तम. कुठली कोठी गळायची, कुठल्या वाऱ्याला कुठली खिडकी वाजायची, नळी कुठल्या घरात अडकायची, हे कुठल्याही नकाशात नाही. त्याच्याकडून ते ऐकून त्या त्या कोठीच्या दारावरच क्रमांकासह लिहून ठेवावं.