सव्वीस किलोमीटरवरून परत

घाटावरच्या तळ्यापर्यंत जाऊन-येऊन ठरलं होतं ५८ किलोमीटर, झाले ५२. चार महिन्यांच्या खंडानंतरची माझी ही सायकलवरची पहिली लांब राईड. जे सहा किलोमीटर राहिले त्यांच्याबद्दलच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, पण त्याआधी इथवर कशी पोचले ते.

आधी आठवड्याला दीडशे किलोमीटर सहज व्हायचे. मग तापाने अंथरूण धरायला लावलं. ताप उतरला तर अशक्तपणा राहिला, अशक्तपणा गेला तोवर पाऊस लागला, आणि ‘पाऊस थांबला की सुरू करू’ म्हणता म्हणता आणखी पाच आठवडे गेले. शेवटी सायकल बाहेर काढली तेव्हा दोन्ही टायर बसले होते. हवा भरली आणि निघाले. वाटेतल्या ज्या पुलाला मी कधी चढ म्हणून मोजलंही नव्हतं, त्यावर श्वास फुलला आणि उतरावं लागलं. पुलाच्या कठड्याला टेकून उभी होते तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

दम का जातो हे नीट समजून घेतलं तेव्हा जरा धीर आला. सराव थांबला की पहिल्या दोनेक आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग घटू लागतो. हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून तेवढ्याच कामाला ठोके जास्त लागतात. स्नायूंचं नुकसान त्यानंतर, सावकाश होतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये झालेला एक प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं, आणि शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त उतरली. पुढच्या सुमारे दोन महिन्यांच्या व्यायामाने ती भरून आली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांनी केलेल्या घटीपेक्षा कमी निघाली. मी हे दोनदा वाचलं. गेलेलं परत येतं, आणि बसून राहणं वयापेक्षा महाग पडतं, हे त्यातून मनावर कोरलं गेलं.

मग सहा आठवडे तयारी केली. आठवड्यातले पाच दिवस, सुरुवातीला वीसच मिनिटं, सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरवर. पाऊस असेल त्या दिवशी स्वतःशी दहा मिनिटांचा करार: कपडे घालायचे, बाहेर पडायचं, दहा मिनिटं चालवायची. नको वाटलं तर परत यायचं, आणि तो दिवस तरीही सायकल चालवल्याचाच धरायचा. सहा आठवड्यांत दहा मिनिटांनी परत आले असे दिवस चार. इतर वेळी एकदा भिजल्यावर पुढे जावंसंच वाटलं. भिजायच्या आधीची पंधरा मिनिटं, खिडकीतून आभाळाकडे बघत घालवलेली, तीच खरी जड असतात.

वीज कडाडत असेल किंवा वादळ असेल तर मात्र करार लागू नाही. त्या दिवशी घरातच स्टँडवर सायकल लावून जागच्या जागी चालवायची. समोर पंखा हवाच, कारण अंगावर वारा नसला की दहा मिनिटांत घामाने निथळायला होतं आणि ठोके उगाच चढतात.

मैत्रीण आणि मी गेली अकरा वर्षं बरोबर सायकल चालवतोय. तिचा सराव कधीच सुटला नव्हता. निघण्याआधी तिने एकच अट घातली: “मी ‘किती’ विचारलं की आकडा सांगायचा, आणि खरा सांगायचा.” हा आकडा म्हणजे गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची श्रमाची मोजपट्टी. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे याउपर शक्यच नाही. आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाचे ठोके साधारण तेवढे निघावेत अशी तिची रचना आहे. १३ म्हणजे ‘जरासं जड’. दिवसभरात १३ च्या वर जायचं नाही, चढावर फार तर १५, असं आमचं ठरलं. खंडानंतर मनगटी घड्याळ मोजतं त्या हृदयाच्या ठोक्यांवर माझा विश्वास राहिला नव्हता, ते ऊन, चहा, झोप सगळ्यांनी हलतात. श्वास मात्र खोटं बोलत नाही: पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर १३ च्या आत आहात.

सकाळी सहाला निघालो. पहिले १८ किलोमीटर नदीकाठचा सपाट रस्ता, आणि समोरून वारा. या टप्प्याला सव्वा तास लागला. पूर्वी मी तो पाऊण तासात करायचे, पण ती तुलना मनातून काढून टाकली, कारण समोरच्या वाऱ्यात वेग हा आकडा निरर्थक असतो. ताशी २० ने चालवत असाल आणि ताशी १५ चा वारा तोंडावर असेल, तर हवेला तुम्ही ३५ ने कापत असता, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. येताना तोच वारा पाठीवर मिळेल हे खरं, पण गेलेला वेळ पुरता परत मिळत नाही: १२ ने गेलात आणि २४ ने आलात तर सरासरी १८ नाही, १६ पडते. म्हणून वाऱ्यात जाताना किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. आणि रस्ता एकच असेल तर जाताना समोरून वारा असलेली दिशा निवडा. थकल्यावर पाठीवरचा वारा फार मायेचा वाटतो.

मैत्रीण पुढे आणि मी तिच्या मागच्या चाकाच्या आडोशाला. रस्ता कोरडा होता तोवर हातभर अंतर. पुढच्या सायकलला लांब मडगार्ड असणं हे मागच्यावर केलेले उपकार असतात, हे पाऊस सुरू झाल्यावर कळलं. “किती?” “बारा.” एकदा तेराही सांगितला, आणि तिने न बोलता वेग उतरवला. दमदार सोबती मिळाला तर एवढं आधीच बोलून घ्या: वेग कमकुवत माणूस ठरवणार.

खाण्यापिण्याचं थोडक्यात: भूक लागायच्या आधी खायचं. दर अर्ध्या-पाऊण तासाला चार घास गोड, आणि मध्ये काही खारट. पावसात तहान जाणवत नाही, म्हणून बाटली ठरवून उचलायची. मी घड्याळात वीस मिनिटांची घंटी लावली होती.

चढ सात किलोमीटरचा, सरासरी पाच टक्के, म्हणजे साडेतीनशे मीटर उंची. इथे माझी खरी परीक्षा होती, आणि ती फुप्फुसांची नव्हती. सहा आठवड्यांत दम पुष्कळ परत येतो. सांध्यांभोवतीचे स्नायूबंध मात्र फार संथ जुळवून घेतात. दम आलाय म्हणून जुना गिअर लावला की गुडघा बोलतो. चौथ्या आठवड्यात हेच घडलं होतं: गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं. कारणं दोन निघाली, जड गिअर आणि खाली आलेली सीट. (टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेलं तर पाय सरळ व्हायला हवा. माझा वाकत होता.) सीट वर घेतली, हँडलही दोन सेंटिमीटर उचललं, कारण पाठही चार महिन्यांत आखडली होती. हँडल उंच करणं हा कमीपणा नाही. पाठ मोकळी होईल तसं ते पुन्हा खाली आणता येतं.

तर चढावर सगळ्यात हलका गिअर, मिनिटाला पॅडलचे साठ-पासष्ट फेरे, आणि नजर पुढच्या वळणावर. दुसऱ्या किलोमीटरला पाऊस आला. चढावर मी जॅकेट घातलं नाही, आणि तुम्हीही हलक्या पावसात घालू नका: आत घामाने तेवढंच भिजायला होतं. जॅकेट उतारासाठी कोरडं राखायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. चौथ्या किलोमीटरला आकडा पंधरा झाला. मी उतरले, दोनशे पावलं सायकल ढकलली, पुन्हा बसले. तास लागला. वर पोचले तेव्हा ओल्या दगडांचा वास येत होता आणि दरी ढगांनी भरली होती, आणि मी चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले.

वरून तळं चार किलोमीटरवर, उघड्या पठारावरून. एक किलोमीटर गेलो असू, तेवढ्यात वीज चमकली. मैत्रीण मोजायला लागली. अठराव्या सेकंदाला गडगडाट. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज सहा किलोमीटरवर. नियम सोपा आहे: चमक आणि आवाज यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल तर ताबडतोब आडोसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. आडोसा म्हणजे भिंती असलेली पक्की इमारत किंवा बंद मोटार. एकटं झाड नव्हे. पठारावर यातलं काहीच नव्हतं. चढ संपतो तिथे, एक किलोमीटर मागे, एक पक्की खोली पाहिली होती.

“तीनच किलोमीटर राहिलेत गं,” मी म्हटलं.

“आणि वीज सहावर आहे. फिर.”

फिरलो. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण त्या खोलीत अर्ध्या तासाहून जास्त बसल्यावर, ओले हात बगलेत धरून, मी स्वतःला विचारलं की आज तळं गाठून उद्या सायकलला हात लावता आला नाही तर काय कमावलं? खंडाआधीची मी तळ्यापर्यंत गेलेच असते, आणि नंतर चार दिवस विश्रांतीच्या नावाखाली सायकल भिंतीला टेकवली असती. आताचं माझं मोजमाप एकच आहे: दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं चालवता आली पाहिजेत. परत फिरण्याची कारणं मी आता घरीच कागदावर लिहून निघते: वीज, छातीत दुखणं किंवा चक्कर, गुडघ्यात टोचणं, हातांची बोटं ब्रेक दाबण्याइतकी न वळणं. छाती किंवा चक्कर असेल तर नुसतं फिरायचं नाही, चालवणं तिथेच थांबवून मदत मागायची. यातलं काही झालं की तिथे चर्चा करायची नाही. थंडी आणि थकवा चढले की माणसाचा निर्णय आपोआप पुढे जाण्याच्या बाजूला झुकतो.

उतार. निघण्यापूर्वी जॅकेट, कोरडे हातमोजे आणि शर्टाच्या आत छातीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. सायकलस्वारांचा हा जुना उपाय आजही तितकाच चालतो. माझे ब्रेक रिमवर दाबणारे आहेत. ओल्या रिमवर चाकाचा पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो, पकड नंतर येते, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलके टेकवत राहायचे. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण टायरची पकड दोघांचीही घटलेलीच असते. वेग वळणाआधी उतरवायचा, वळणात नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, ओला पालापाचोळा यांवरून जायची वेळ आलीच तर सायकल सरळ धरून, ब्रेक न लावता. डबक्यात कधीच घालायची नाही, खाली काय आहे ते दिसत नाही. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण साचलेलं तेल आणि धूळ वर येते. पाऊस जोरात पडून गेला की उलट बरा होतो. टायरमधली हवा मी नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली होती.

पायथ्याशी मागचं चाक बसलं. पावसात पंक्चर जास्त होतात, काचेचे बारीक कण ओल्या टायरला चिकटून येतात आणि ओलं रबर लवकर कापलं जातं. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापड फिरवा, बोट नको. कापड अडकलं तिथे कण निघाला. न पाहता ट्यूब घातली असती तर दुसरीही गेली असती. एका पावसाळी राईडला दोन ट्यूब आणि पंप, यात काटकसर करू नका.

परतीचे अठरा किलोमीटर वाऱ्याने उचलून आणले. घरी पोचायला साडेअकरा वाजले.

आधी सायकल, मग आंघोळ, हा क्रम पाळला. चेन कोरड्या फडक्याने पुसून तेल दिलं, जादा तेल पुन्हा पुसलं. रात्रभर तशीच ठेवली असती तर सकाळी तांबडी झालेली दिसली असती. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तासाभराने बदलले.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या होत्या, गुडघा शांत होता. सकाळचे ठोके उठताना ६४, आदल्या दिवशी ६२ होते. सात-आठने वाढलेले असते तर नुसतं चालायला गेले असते. भुरभुर पाऊस होता. वीस मिनिटं चालवली, पुलापर्यंत आणि परत. आकडा दहा. पूल बसल्या बसल्या चढले.

तळ्याला दोन आठवड्यांनी पुन्हा जायचं ठरलंय. या खेपेला अंधारातच निघू, पुढचे-मागचे दिवे लावून, आणि विजांचा अंदाज असेल तर पठाराचं नावही काढायचं नाही, नदीकाठचाच रस्ता दोनदा करायचा. दोन्ही बेत कागदावर लिहून फ्रिजवर लावले आहेत.