षट्कोनातला त्रिशूळ

माझं दुकान सांगलीत, विश्रामबागच्या अलीकडं. रेडियम कटिंगचं. त्याआधी मी ब्रश धरणारा पेंटर होतो, ट्रकच्या मागं कमळं आणि मोर काढणारा. मग प्लॉटर, म्हणजे स्टिकर कापायचं मशीन घेतलं आणि ब्रश डब्यातच वाळून गेले. हाय सिक्युरिटी प्लेट आल्यापासून नंबरप्लेटचं कामही गेलं. इंग्रजी ४१४१ चं ‘दादा’ करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही. राहिली ती स्टिकरं. महाराज, मंडळाचं नाव, ‘आईचा आशीर्वाद’, आणि ‘३०२’. जुलै २०२४ पासून खुनाचं कलम १०३ झालंय. नव्या कायद्यातलं ३०२ म्हणजे शब्दांनी कुणाच्या धार्मिक भावना दुखावणं. एका पोराला हे सांगितलं तर म्हणाला, “काका, १०३ कोण ओळखतंय?”

तर दिवाळीनंतर कुपवाड एमआयडीसीत कामाला जाणारा एक पोरगा आला. मोबाईलवर चित्र. सहा टोकांची चांदणी, मागून वर आलेली तीन दातांची दोन हत्यारं, एकमेकांवर तिरकी. “महादेवाचं यंत्र आहे, काका. पल्सरच्या टाकीला मारून द्या.” षट्कोन आणि त्रिशूळ, मला शंका यायचं कारण नव्हतं. ट्रेस मारला, चंदेरी रेडियममध्ये कापला, नको तो भाग सुईनं उचलून काढला आणि टाकीच्या उजव्या अंगाला चिकटवला. काम झकास झालं म्हणून फोटो स्टेटसला टाकला.

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. तो दहा वर्षं शिकागोला आहे. “मामा, हे कुणाच्या गाडीवर लावलंत? आणि नेमकं उजवीकडंच?”

म्हटलं, डावीकडं ओरखडा होता.

तो हसायलाच लागला. मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला झोप लागली नाही, आणि पुढचे तीन-चार दिवस दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तेच वाचत बसलो.

शिकागोत रस्त्यावरच्या टोळ्या कितीतरी, पण त्यांचे पॅनेल दोन. पॅनेलच म्हणतो, कारण आमच्या सोसायटीच्या निवडणुकीसारखंच ते आहे, गट वेगवेगळे आणि चिन्ह एक. एक ‘फोक’, दुसरं ‘पीपल’. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘लोक’च, ही गंमत मला फार आवडली. ही पॅनेलं गल्लीत जन्मली नाहीत, तुरुंगात जन्मली. सत्तरच्या दशकात एकेक म्होरक्या आत गेला. बाहेर चार चौक लांब राहणारे वैरी आत शेजारच्या कोठडीत आले. आत जीव सांभाळायचा आणि धंदाही चालवायचा, तर माणसं जोडायला हवीत. १९७८ मध्ये शिकागोच्याच इलिनॉय राज्यातल्या तुरुंगात लॅरी हूवर नावाच्या कैद्यानं ‘फोक’ची मोट बांधली. तो गँगस्टर डिसायपल्सचा प्रमुख. त्याला म्हणायचे चेअरमन, त्याच्याखाली संचालक मंडळ, त्याखाली गव्हर्नर. हे वाचताना मला आमच्या भागातला साखर कारखाना आठवला, माफ करा. मग उरलेल्यांनी, म्हणजे लॅटिन किंग्ज, व्हाइस लॉर्ड्स, एल रुक्न यांनी समोर ‘पीपल’ उभं केलं. रंगावर वाटणी झाली असेल असं मला वाटलं होतं, तसंही नाही. गोऱ्या पोरांच्या टोळ्या दोन्हीकडं होत्या.

आता माझ्या कामाचा भाग. सहा टोकांची चांदणी फोकवाल्यांची. ती डेव्हिड बार्क्सडेल या १९७४ मध्ये वारलेल्या म्होरक्याच्या नावावरून, कारण बायबलातल्या डेव्हिड राजाचा तारा सहा टोकांचा. ती तीन दातांची हत्यारं म्हणजे गवत उचलायचा पंजा, दाते वर. पीपलवाल्यांची चांदणी पाच टोकांची, शिवाय मुकुट, चंद्रकोर, आणि व्हाइस लॉर्ड्सचा प्लेबॉयचा ससा. हा ससा मी सांगलीतल्या किती ॲक्टिव्हांवर चिकटवलाय याची गणती नाही. फोकवाले सगळं उजवीकडं करणार, टोपी उजवीकडं तिरकी, पँटचा उजवा पाय दुमडलेला. पीपलवाले डावीकडं. आणि वैऱ्याला शिवी द्यायची तर भिंतीवर त्याचं चिन्ह उलटं काढायचं, पंजाचे दाते खाली. मी उमेदवारीत असताना एकदा पाटीवरचं कमळ उलटं छापून बसलो होतो, मालकानं फक्त कानाखाली दिली. तिथं अशा भिंतीवरून पोरं मेलीत.

लॉस एंजेलिसच्या टोळ्यांचं लाल-निळ्या रंगांचं भांडण हे वेगळं प्रकरण. भाच्यानं ते तीनदा बजावलं.

हूवर आतून धंदा चालवतोय म्हणून १९९५ मध्ये त्याच्यावर केंद्र सरकारनं खटला भरला, पुढं जन्मठेपा लागल्या, कोलोरॅडोच्या तुरुंगात हलवला. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या शिक्षा माफ केल्या, पण खुनाची राज्याची शिक्षा तशीच राहिली. पॅनेलं मात्र केव्हाच मोडली. आता एकाच चांदणीखालची पोरं गल्लीगल्लीवरून एकमेकांना मारतात म्हणे.

मी पोराला बोलावून सगळं सांगितलं. फुकट काढून देतो म्हटलं. त्यानं टाकीवरून हात फिरवला. “इथं कुणाला कळतंय, काका? सगळे भारी म्हणालेत.”

आठवड्यानं त्याच्या गल्लीतले दोघं तेच मागायला आले. माझ्या मनाला पटेना म्हणून मी दांड्यांना डमरू बांधले, चांदणीत ॐ घातला. आता शंकाच नको. दोघं खूश होऊन गेले.

परवा चौथा आला. मी मुकाट्यानं डमरूवाली फाईल उघडली. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. “हा नको. डमरूवाली ती पोरं वेगळी. आम्ही बिनडमरूवाले.”