नऊची बेरीज आणि काकांचे कान

गेल्या रविवारी आमच्या गॅरेजमध्ये चौघं जमलो होतो, मी, गल्लीतला नाशिकचा मित्र, त्याचा कॉलेजातला मुलगा आणि शेजारचे आजोबा, काम एकच, माझ्या निळ्या एमजीबीचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे, टॅपेट सेट करायचे, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक व्हॉल्व्हवरची बारीक फट, गॅप, मोजून बरोबर करायची. गाडी 1972 ची, दोन सीटची, उघड्या टपाची, क्रोम बंपरवाली. आम्ही राहतो इंग्लंडात डिडकॉटला आणि ही गाडी बनली ॲबिंग्डनला, म्हणजे आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर. तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला, पण तिथे बनलेली गाडी तिथल्याच रस्त्यावरून चालवताना मला दर वेळी भरून येतं, खरंच.

पण मी ही गाडी घेतली ती इंजिनासाठी. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी सिरीजचं आणि आपल्या ॲम्बेसेडरचं जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वेगळा, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, मात्र दोघांचा सारखाच, 88.9 मिलिमीटर. माझ्या काकांनी सांगलीत आयुष्यभर ॲम्बेसेडर दुरुस्त केल्या, मी सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन पाने पुसून द्यायचो, इंचाचे पाने, अर्धा, नऊ सोळांश. इथे पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा रॉकर कव्हर, व्हॉल्व्हवरचं झाकण, बघूनच ओळख पटली.

तर काम असं. इंजिन पूर्ण गार पाहिजे. चारही स्पार्क प्लग काढायचे म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब, कॉम्प्रेशन, राहत नाही, गाडी टॉप गियरला टाकायची आणि एकाने हळूहळू पुढे ढकलायची, की इंजिन फिरतं आणि व्हॉल्व्ह एकेक करून खाली जायला लागतात. आठ व्हॉल्व्ह आहेत. हिशोब नऊचा. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिल्याचा गॅप बघायचा, सातवा दाबला की दुसऱ्याचा, पाचवा दाबला की चौथ्याचा, बेरीज कायम नऊ. आजोबांनी हे मुलाला एकदाच सांगितलं, त्यानंतर तो ढकलणाऱ्याला स्वतःच ओरडून सांगत होता, थोडी पुढे, अजून, अजून, बास! हे काम एकट्याने होत नाही असं नाही, पण एकाने ढकलायचं, एकाने व्हॉल्व्ह बघायचा, एकाने फीलर गेज, फट मोजायची पातळ पत्ती, धरायची, यात जी मजा आहे ती एकट्याला कुठून मिळणार.

गॅप पाहिजे 0.015 इंच. पत्ती सरकवली की ती ना सैल जायला हवी ना अडकायला हवी, लोण्यातून सुरी ओढल्यासारखी जरा धरून धरून यायला हवी. आजोबा डोळे मिटून पत्ती ओढतात. चौथ्यावर ती आत शिरेचना. 0.006 ची पत्ती कशीबशी गेली. चौथा म्हणजे एक्झॉस्टचा, धूर बाहेर सोडणारा, तो इतका टाइट राहिला की नीट बसत नाही, उष्णता त्याच्या बैठकीतून इंजिनाच्या हेडमध्ये उतरत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. वर्षभरापूर्वी एका गॅरेजने पैसे घेऊन हे सेटिंग केलं होतं आणि मी विश्वासाने गाडी फिरवत होतो, याचा मला फार राग आला. टॅपेट वाजत नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं, उलट वाजणारा बरा, तो निदान सांगतो तरी.

सगळे गॅप बरोबर केले, सगळं परत बसवून गाडी चालू केली, मग पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन्ही एसयू कार्बुरेटर बघितले, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडची फुस्स सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग काकांना फोन लावला. इथले अकरा म्हणजे तिकडे साडेतीन, वामकुक्षी नुकतीच आटपलेली. पण कॉलवर इंजिनाचा आवाजच जाईना, फोन त्याला गोंगाट समजून कापून टाकतो, म्हणून व्हिडिओ करून पाठवला. पाच मिनिटांनी व्हॉइस मेसेज आला, "एक अजून वाजतोय रे. परत बघा."

आम्हा चौघांना काहीच ऐकू येत नव्हतं! आजोबांना भाषांतर करून सांगितलं तर ते म्हणाले, मग बघायलाच हवं. इंजिन गार व्हायला चार तास, तेवढ्यात बायकोने केलेली मिसळ झाली, आजोबांनी घाम पुसत पुसत दोनदा तर्री घेतली. तिन्हीसांजेला परत कव्हर उघडलं. सातव्याचा गॅप 0.018 निघाला. लॉकनट आवळताना गॅप ठरवणारा ॲडजस्टर स्क्रू नटाबरोबर किंचित फिरला होता, स्क्रूड्रायव्हर मीच धरला होता. तो पुन्हा सेट केला, पत्ती आजोबांनी ओढली, मग मुलाने ओढली.

काकांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. रात्री दुसरा व्हिडिओ पाठवला, तिकडे बारा वाजून गेले होते, मला वाटलं सकाळी बघतील. लगेच निळ्या टिक आल्या आणि मेसेज, "आता बरोबर. कव्हरचं बुचाचं पॅकिंग नवीन टाकलंस का?"

नव्हतं टाकलं. सोमवारी सकाळी बघितलं तर ब्लॉकवरून तेलाचा एक बारीक ओघळ आला होता. पॅकिंग मागवलंय, रविवारी परत सगळे येतायत.