स्टेकला लावता काय?

स्टेकला, म्हणजे ग्रिलवर भाजायच्या बीफच्या तुकड्याला, आधी काय लावून मुरवायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ह्यूस्टनला आमच्या अंगणात ग्रिल पेटलं की 'वहिनी, स्टेकला लावता काय?' हा प्रश्न ठरलेला. त्यावर माझा उलट प्रश्नही ठरलेला: आणलंय काय? दोन बोटं जाडीचा रिबआय, म्हणजे बरगडीकडचा चरबीदार तुकडा, असेल तर काही लावू नका. मीठ चोळा, तासभर ठेवा, भाजा. त्यावर सोया सॉस ओतणं म्हणजे हापूसवर साखर पेरणं.

मुरवायचा तो स्कर्ट स्टेक. जनावराच्या छाती-पोटामधल्या पडद्याचा लांब, पातळ, जाड रेषांचा पट्टा. दक्षिण टेक्ससात, रिओ ग्रांदेच्या काठच्या रँचवर राबणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांच्या पदरात मालकाला नकोसे असले तुकडे पडायचे. ते त्यांनी निखाऱ्यावर भाजून तोर्तियात, म्हणजे मेक्सिकन पोळीत, गुंडाळले. 1973 मध्ये निन्फा लॉरेंझो या विधवा बाईंनी इथेच, नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर, आपल्या तोर्तिया कारखान्यात दहा टेबलं टाकून ते विकायला काढले. आता तोच नकोसा तुकडा घेताना खिसा चाचपावा लागतो!

तर किलोभर मांसाला चार मोठे चमचे सोया सॉस, दोन लिंबांचा रस, तीन चमचे तेल, ठेचलेल्या सहा-सात लसूणपाकळ्या, भाजलेल्या जिऱ्याची चमचाभर भरड, तेवढीच मिरी, एक हालापेन्यो मिरची आणि कोथिंबिरीचे देठ. वेगळं मीठ नको. साखर किंवा मधही नको, आच लागली की करपतात.

आपल्याला सवय रात्रभर मुरवत ठेवायची. इथे फ्रीजमध्ये दोन तास पुरे. लिंबाचा आंबटपणा वरच्या काही मिलिमीटरपलीकडे फारसा जातच नाही, आणि फार वेळ राहिला तर तो थर पिठूळ करून ठेवतो. आतवर पोचतं ते सोयामधलं मीठ. कच्ची पपई कबाबाला ठीक आहे, या पातळ पट्ट्याचा ती लगदा करेल.

भाजण्याआधी तुकडा निथळवा, लसणाचे कण झटका आणि कागदाने चक्क पुसून कोरडा करा. 'एवढं लावलं ते पुसायचं?' हो, पुसायचं. ओलं मांस आधी पाणी उडवत बसतं. तोवर ते नुसतं उकडतं, खरपूस कवच धरत नाही. निखारे लालबुंद हवेत, एकेका बाजूला दोन-तीन मिनिटं. मी मेस्कीटचं लाकूड वापरते. आपल्याकडे माळरानं बळकावून बसलेल्या वेड्या बाभळीच्याच नात्यातलं झाड ते, धूर मात्र झकास!

उतरवल्यावर पाच मिनिटं थांबा. मग कापणं, आणि निम्मा मऊपणा इथेच आहे. स्कर्टच्या रेषा पट्ट्याच्या रुंदीत धावतात. आधी त्या रेषांच्या दिशेनेच चार-चार इंचांचे तुकडे करा, मग तुकडा वळवून रेषांना आडव्या पातळ कापट्या काढा. उभ्या काढल्यात तर चावत बसाल.

उरलेलं मुरवण भाजलेल्या मांसावर तसंच ओतू नका, त्यात कच्च्याचं पाणी उतरलेलं असतं. खळखळून उकळा नाहीतर टाकून द्या. आणि बीफ खात नसाल तर हेच कोंबडीच्या मांडीला लावा. तिला चार तास दिले तरी चालतात, फक्त आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत शिजली पाहिजे.