तिसऱ्या वर्षापासून उलटं मोजा: प्रादेशिक मेडिकल कॅम्पस चार वर्षांचा करताना

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. पहिली दीड-दोन वर्षं शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र वगैरे. त्यापुढे क्लर्कशिप, म्हणजे वॉर्डात आणि बाह्यरुग्ण विभागात प्रत्यक्ष रुग्णांसोबत शिकणं. मुख्य कॅम्पसपासून दूर, लहान शहरांत जे प्रादेशिक कॅम्पस निघाले, त्यांतले बरेचसे यातला एकच भाग शिकवत आले. कान्सास विद्यापीठाचा विचिटा कॅम्पस १९७१ साली सुरू झाला तो क्लिनिकल वर्षांसाठी. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी तिथे आले ते २०११ मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी. इंडियानात उलटं होतं. १९७१ च्या राज्यव्यापी योजनेतून उभ्या राहिलेल्या केंद्रांवर सुरुवातीची वर्षं शिकवली जात आणि मग मुलं इंडियानापोलिसला जात. पुढे टप्प्याटप्प्यानं तिथले कॅम्पस चार वर्षांचे झाले.

अर्ध्याचं पूर्ण करायचं, हे दोन्हीकडे सारखंच वाटतं. पण एका ठिकाणी नाही ती शवविच्छेदनाची प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ शिक्षक; दुसऱ्या ठिकाणी नाहीत ते रुग्ण आणि त्यांच्याजवळ विद्यार्थ्याला उभं करणारे डॉक्टर. पहिली उणीव पैशानं भरून निघते. दुसरी पैशानं पूर्ण भरत नाही, आणि नेमका तिचाच हिशोब सगळ्यात शेवटी केला जातो. आधी इमारतीचा आराखडा, मग राज्य विधिमंडळाकडे निधीची मागणी, मग प्रवेशसंख्या, आणि वॉर्ड मोजायची वेळ येते तेव्हा पहिली तुकडी दुसऱ्या वर्षाला पोचलेली असते. हा क्रम उलटा करायला हवा.

मोजणी अशी करायची. क्लर्कशिपचं वर्ष ४८ आठवड्यांचं धरा. प्रसूती आणि स्त्रीरोग ६ आठवड्यांचं. तुकडी ४० ची असेल तर ४० गुणिले ६ म्हणजे २४० विद्यार्थी-आठवडे, भागिले ४८, म्हणजे त्या विभागात कायम ५ विद्यार्थी. आता समजा रुग्णालयात वर्षाला ६०० बाळंतपणं होतात. ६ आठवड्यांत साधारण ६९, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १४. कागदावर छान दिसतं. पण त्यातली निम्मी अशा वेळी होतात जेव्हा तो विद्यार्थी ड्यूटीवर नसतो. उरलेल्या सातांत काही जणी विद्यार्थी नको म्हणतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. काही बाळंतपणं सुईणी करतात, काही फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटना, म्हणजे मेडिकल स्कूलनंतर रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना, लागतात. हातात उरतात तीन किंवा चार. हाच हिशोब प्रत्येक विषयासाठी, प्रत्येक रुग्णालयासाठी वेगळा मांडावा लागतो. एकूण खाटांचा आकडा इथे काहीच सांगत नाही.

सगळ्यात आधी अडतं ते बालरोगात. लहान शहरांतल्या रुग्णालयांनी मुलांचे आंतररुग्ण विभाग बंद करत आणले आहेत. गंभीर मूल थेट मोठ्या शहरातल्या बालरुग्णालयात जातं. दुसरा नंबर मानसोपचाराचा. या दोन विषयांत दोन-तीन आठवडे मुख्य कॅम्पसला काढायचे असं ठरवणं यात कमीपणा काहीच नाही, फक्त ते प्रवेशाच्या वेळीच सांगावं आणि राहण्याची सोय करावी.

क्लिनिकल कॅम्पसला पहिली वर्षं जोडताना आणखी एक चूक ठरलेली असते. समजा आज मुख्य कॅम्पसमधून दरवर्षी ४० विद्यार्थी तिसऱ्या वर्षासाठी इथे येतात. आपण ३० चं पहिलं वर्ष सुरू केलं. दोन वर्षांनी हे ३० तिसऱ्या वर्षात येणार. तेव्हा बाहेरून येणारे ४० कमी होऊन १० होणार, की इथे एकदम ७० होणार? १० होणार असतील तर मुख्य कॅम्पसला त्या ३० जणांसाठी दुसरीकडे जागा शोधायची आहे, आणि तिथल्या विभागप्रमुखांना हे आजच माहीत हवं. हा प्रश्न लेखी सुटल्याशिवाय पहिला अर्जही मागवू नये.

जागा फक्त आपल्यासाठी नसतात, हेही लक्षात घ्या. त्याच डॉक्टरांकडे ऑस्टिओपॅथिक स्कूलचे (डॉक्टर घडवणारी समांतर शाखा), आणि डॉक्टर नसूनही रुग्ण तपासणाऱ्या फिजिशियन असिस्टंटचे व नर्स प्रॅक्टिशनरचे विद्यार्थी येतात. कॅरिबियन बेटांवरच्या काही मेडिकल स्कूल तर क्लर्कशिपच्या जागांसाठी रुग्णालयांना पैसे मोजतात. म्हणून रुग्णालयाबरोबरच्या संलग्नता करारात आठवड्यागणिक, विभागागणिक किती जागा आपल्या, हा आकडा लिहून घ्या. 'शक्य तितकं सहकार्य' असं वाक्य करारात आलं की रुग्णालयाची मालकी बदलल्यावर त्याचा उपयोग शून्य, आणि मालकी हल्ली वारंवार बदलते.

डॉक्टर शिकवायला तयार का होत नाहीत, याचं उत्तर साधं आहे. बहुतेकांचा पगार त्यांनी केलेल्या कामाच्या मोजमापावर ठरतो; या मोजमापाच्या एककाला आरव्हीयू म्हणतात. शेजारी नवा विद्यार्थी असला की दिवसाला एक-दोन रुग्ण कमी बघून होतात. मानद प्राध्यापकपद, ग्रंथालय आणि निरंतर शिक्षणाचे तास हे सगळं द्यावंच. पण आरव्हीयूचं लक्ष्य तेवढ्यापुरतं कमी करून देणं किंवा ठरावीक मानधन देणं याला पर्याय नाही. पहिल्या वर्षी उत्साहानं हो म्हणणारे तिसऱ्या वर्षी थकतात. त्यामुळे गरजेच्या दीडपट डॉक्टर यादीत असावेत आणि दर चार क्लर्कशिपमागे प्रत्येकाला एक फेरी सुट्टी मिळावी, असं नियोजन आम्ही सुचवू.

तुकडी अगदी लहान असेल तर विभागवार फेऱ्या सोडून सलग, एकत्रित क्लर्कशिप चांगली चालते. विद्यार्थी वर्षभर त्याच दवाखान्यांत असतो. सोमवारी फॅमिली मेडिसिन, मंगळवारी शस्त्रक्रिया, असा आठवडा बांधलेला, आणि गरोदर बाई पहिल्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत त्याचीच रुग्ण राहते. मिनेसोटा विद्यापीठानं ग्रामीण भागात दीर्घकाळ विद्यार्थी ठेवण्याचा कार्यक्रम १९७१ पासून चालवला आहे. कान्सासच्या सलाइना कॅम्पसनं २०११ मध्ये वर्षाला केवळ ८ विद्यार्थ्यांनी सुरुवात केली. आठ हा आकडा हास्यास्पद नाही, शहाणपणाचा आहे.

आता पहिल्या वर्षांची बाजू. व्याख्यानं मुख्य कॅम्पसवरून व्हिडिओनं येऊ शकतात. छोटे गट, सूक्ष्मदर्शकाचं काम, तपासणीचं कौशल्य आणि विच्छेदन येऊ शकत नाही. २४ विद्यार्थ्यांसाठी सहा-सहांची ४ टेबलं, आणि आधीच विच्छेदन करून ठेवलेल्या नमुन्यांसाठी पाचवं. हवेबाबत हयगय नको. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मल्डिहाइडची ओशाची (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारी अमेरिकी सरकारी संस्था) मर्यादा ८ तासांच्या सरासरीला ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आणि १५ मिनिटांना २ पीपीएम आहे. टेबलाच्या कडेनंच हवा खाली खेचून घेणारी व्यवस्था असेल तर वाफ वाकलेल्या विद्यार्थ्याच्या नाकापर्यंत कमी पोचते. केवळ छतातून हवा ओढली तर ती वाटेत चेहऱ्यावरूनच जाते. ही हवा पुन्हा इमारतीत फिरवायची नाही. मोजमाप रिकाम्या खोलीत झाकणं लावून घेतलं तर आकडा सुंदर येतो आणि खोटा असतो. सगळी टेबलं उघडी, सगळे विद्यार्थी काम करत असताना, विद्यार्थ्यांच्या कॉलरला मापक लावून घ्या. जुन्या कार्यालयी इमारतीत प्रयोगशाळा करताना लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, हे भिंती पाडण्यापूर्वी बघा. देहदानाचा कार्यक्रम मुख्य कॅम्पसचाच असावा; प्रत्येक देहाची नोंद, ने-आण आणि शेवटी कुटुंबाकडे अस्थी परत, ही साखळी एकाच हातात राहिली पाहिजे. दान केलेल्या माणसाचं आपण ते देणं लागतो.

छोट्या गटांसाठी ८ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. २४ ला तिघं, आणि चौथा राखीव, कारण तिघांतला एक आजारी पडला की १२-१२ चे दोन गट होतात आणि चर्चेचं व्याख्यान होतं. नेमणुका वर्ग भरण्याच्या १२ ते १८ महिने आधी व्हाव्या लागतात, म्हणजे फी यायच्या आधी पगार सुरू. फीचंही असं की पहिल्या वर्षी एकच तुकडी असते, चारही तुकड्यांची फी चौथ्या वर्षी. मधला खड्डा कोण भरणार, राज्य, विद्यापीठ की रुग्णालय, हे आकड्यासह ठरलेलं हवं.

मान्यतेचं काम एलसीएमईकडे, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलना मान्यता देणाऱ्या समितीकडे. तिचा मूळ आग्रह एकच: कॅम्पस कितीही असोत, स्कूल एक. शिक्षण तुल्यबळ आणि मूल्यमापन सारखं हवं. प्रवेशसंख्या एका वर्षात १० टक्क्यांनी किंवा १५ विद्यार्थ्यांनी, किंवा तीन वर्षांत २० टक्क्यांनी वाढणार असेल तर आधी कळवावं लागतं; दूरच्या कॅम्पसचा विस्तारही कळवावा लागतो. कॅम्पसचा प्रमुख डीनला जबाबदार हवा, रुग्णालयाच्या सीईओला नव्हे. तुल्यबळता दाखवायची ती विषयागणिक: एनबीएमई या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या परीक्षांचे गुण, क्लर्कशिपच्या श्रेणी, ठरवून दिलेले रुग्णप्रकार किती जणांनी पाहिले, सहा आठवड्यांच्या आत श्रेणी हातात पडली का. सरासरीपेक्षा श्रेणींची वाटणी बघा. लहान गावातले प्रेमळ डॉक्टर सगळ्यांना उत्तम शेरा देतात आणि एका कॅम्पसवर ऑनर्सचा, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचा, पूर येतो. ओस्कीत, म्हणजे रुग्ण तपासण्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, नकली रुग्ण झालेल्यांना दोन्हीकडे तीच चित्रफीत दाखवून गुण द्यायला लावलं की कोण ढिला, कोण कडक ते लगेच दिसतं. परीक्षा एकाच क्षणी सुरू करा. इंडियानात गॅरी आणि इव्हान्सव्हिल मध्य प्रमाणवेळेत आहेत, इंडियानापोलिस पूर्व प्रमाणवेळेत. इंडियानापोलिसचे नऊ म्हणजे गॅरीचे आठ. वेळापत्रकात वेळेशेजारी प्रमाणवेळ लिहिली नाही तर कुणीतरी तासभर उशिरा पोचणारच.

एक नियम लहान गावात फार जड जातो. विद्यार्थ्यावर उपचार किंवा समुपदेशन करणारा डॉक्टर त्याचं मूल्यमापन करू शकत नाही. गावात दोनच मानसोपचारतज्ज्ञ असतील आणि दोघंही क्लर्कशिप शिकवत असतील, तर खचलेला विद्यार्थी जाणार कुठे? दूरस्थ समुपदेशन बाहेरच्या संस्थेकडे द्या, आणि विद्यार्थ्याला कारण न सांगता शिक्षक बदलून मागता येईल असा साधा अर्ज ठेवा.

रेसिडेन्सीशिवाय हे सगळं अपुरं. प्रत्येक विद्यार्थ्यानं निदान एका सक्तीच्या क्लिनिकल अनुभवात रेसिडेंटबरोबर काम केलेलं असावं, अशी एलसीएमईची अट आहे. डॉक्टर गावात टिकावेत हा मूळ हेतू असेल, तर चौथं वर्ष संपल्यावर मुलगी जिथे रेसिडेन्सीला जाईल तिथेच बहुधा घर करेल. १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट कायद्यानं मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, पैशानं चालणाऱ्या रेसिडेन्सी जागांना रुग्णालयागणिक मर्यादा घातली. ज्या रुग्णालयानं कधीच रेसिडेन्सी चालवली नाही त्याला नवी मर्यादा मिळते, पण ती पहिला नवा कार्यक्रम सुरू झाल्यापासून पाच वर्षांत बांधली जाते आणि मग, मेडिकेअरच्या लेखी ग्रामीण ठरणारी रुग्णालयं सोडली तर, गोठते. म्हणून एक छोटा फॅमिली मेडिसिन कार्यक्रम काढून 'पुढचं पुढे बघू' म्हणणं महागात पडतं. त्याच पाच वर्षांत इंटर्नल मेडिसिन (प्रौढांच्या आजारांचं वैद्यक), मानसोपचार, जे काही काढायचं ते काढावं. दुसऱ्या रुग्णालयाचे दोन-चार रेसिडेंट महिनाभर बोलावण्याआधीही मेडिकेअरच्या नियमांचा जाणकार गाठा. अशा किरकोळ वाटणाऱ्या फेऱ्यांमुळे काही रुग्णालयांना मेडिकेअरकडून मिळणारा रेसिडेंटमागचा दर कायमचा खाली बसला होता.

राहता राहिला प्रवेश. अर्जदार उन्हाळ्यात अर्ज भरतात आणि वर्ग पुढच्या उन्हाळ्यात भरतो, त्यामुळे कोणत्या कॅम्पसला किती जागा, पसंतीक्रम कसा, बदली कोणत्या कारणानं मागता येते, हे वर्षभर आधी छापलेलं हवं. पसंती नसलेल्याला केवळ जागा भरायच्या म्हणून दूर पाठवलं की तो पहिल्याच सहामाहीत बदलीचा अर्ज देतो. त्यापेक्षा पहिल्या वर्षी ३० ऐवजी १६ घ्या, आणि मुलाखत त्या गावातच ठेवा, ज्या वॉर्डात ती मुलं तिसऱ्या वर्षी उभी राहणार आहेत तो वॉर्ड दाखवून.