आमची वाटचाल : प्लेस्टेशन टूपासून फाइव्हपर्यंत

आमचं काम गेम कन्सोल दुरुस्त करायचं आणि जुने कन्सोल घ्यायचे-विकायचे. सुरुवात सोनीच्या प्लेस्टेशन टूच्या लेन्स बदलण्यापासून झाली. थ्री २००६ मध्ये बाहेर आला, भारतात २००७ मध्ये, तरी टूची मागणी पुढे कितीतरी वर्षं टिकली. तेव्हापासून प्रत्येक पिढीच्या शेवटी काउंटरवर एकच प्रश्न येतो : “दादा, नवीन येतोय म्हणतात. जुना आत्ता घेऊ की थांबू?”

आमचं उत्तर ठरतं ते नव्या मशीनवर जुनी डिस्क चालणार की नाही यावरून. फोरवर थ्रीची डिस्क चालत नाही. त्यामुळे फोर आल्यावर लोकांनी थ्री आणि सोबत डिस्कांचा गठ्ठा एकदमच विकायला काढला. भाव पडले, थांबलेल्यांचं फावलं. फाइव्हच्या वेळी उलटं झालं. फोरच्या जवळजवळ सगळ्या डिस्क त्यावर चालतात, म्हणून डिस्क कुणी सोडेना. त्यात २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात ४९,९९० रुपयांना आलेला फाइव्ह हाती लागणंच मुश्कील. जुना फोर स्वस्त होईल म्हणून थांबलेले थांबूनच राहिले. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’सारखा मोठा गेम २०२२ च्या नोव्हेंबरात फोरसाठीही आला, म्हणजे फोर घेतलेल्याचं काही अडलं नाही.

मात्र ‘जुना’ म्हणजे कुठला, हे मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल क्रमांकावरून बघावं. आमचं मत पक्कं आहे : पिढीतली शेवटची सुधारित आवृत्ती घ्या, पहिली नको. फोरच्या सीयूएच-१००० आणि ११०० मालिकेत स्पर्शाची बटणं आहेत. त्यांच्या खालचा रबरी पाय सरकला की इजेक्टचा सेन्सर आपोआप लागतो आणि डिस्क बाहेर येत राहते. १२०० पासून दाबायची बटणं आली, वीजही कमी लागते. प्रो, म्हणजे फोरचीच जास्त ताकदीची आवृत्ती, घ्यायचा तर ७२०० मालिकेतला, त्याचा पंखा आधीच्यांपेक्षा शांत आहे.

विकत घेताना आम्ही जड गेम अर्धा तास चालवतो. पंखा किंचाळायला लागला तर आत धूळ आहे किंवा चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे. हा खर्च किरकोळ. पांढरा दिवा लागतो पण चित्र नाही, तर एचडीएमआय पोर्टमध्ये टॉर्च मारून पिना बघायच्या. पिना सरळ असूनही चित्र नसेल तर बहुधा एचडीएमआयची चिप गेलेली असते. तिथे भाव पाडून घ्यायचा किंवा सोडून द्यायचा. डिस्क ड्राइव्हचा बोर्ड मदरबोर्डशी जोडीने बांधलेला असतो. दुसऱ्या फोरमधली अख्खी ड्राइव्ह बसवली तर डिस्क वाचणार नाही. ड्राइव्हची फिरती यंत्रणा बदला, मूळ बोर्ड तोच ठेवा. आपल्या खात्याने साइन-इन करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण सोनीने ऑनलाइन सेवेवर बंदी घातलेला कन्सोलही बाहेरून अगदी चकचकीत दिसतो.

फोरची हार्ड डिस्क मंदावली असेल तर बदलणं घरीही जमतं. अडीच इंची, ९.५ मिलिमीटरपर्यंत जाडीची, साटा जोडणीची हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) चालते. नव्या डिस्कवर सिस्टीम घालायला पेन ड्राइव्ह एफएटी-३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचा, त्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘पीएस४’ फोल्डर, त्याच्या आत ‘अपडेट’, आणि त्यात सोनीच्या साइटवरची सिस्टीम फाइल. लोक इथेच फसतात : नेहमीची लहान अपडेट फाइल चालत नाही, पुनःस्थापनेची सुमारे एक जीबीची लागते. मग पेन ड्राइव्ह लावून, मशीन बंद असताना पॉवर बटण दाबून धरायचं. पहिल्या बीपनंतर साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप येते, तेव्हा सोडायचं. मग येणाऱ्या सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या मेनूत, सातवा, सिस्टीम पुन्हा बसवण्याचा पर्याय निवडायचा. कंट्रोलर केबलने जोडावा लागतो, आणि नुसती चार्जिंगची केबल असेल तर तो ओळखलाच जात नाही. सेव्ह केलेले गेम आधी बाहेर काढून ठेवा. नवी डिस्क कोरी असते.

फोर फार दिवस कपाटात पडला असेल तर आतलं नाण्याएवढं सेल बदलून घ्या आणि सॉफ्टवेअर ९.०० च्या पुढे न्या. त्याआधीच्या आवृत्तीत सेल मेलं आणि इंटरनेट नसलं की गेमच सुरू होत नसत.

आता फाइव्हबद्दल हाच प्रश्न येऊ लागलाय. फाइव्ह उघडून पेस्ट बदलण्याच्या नादी लागू नका. त्यात पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, तो विजेचा वाहक आहे, बोर्डावर ओघळला तर शॉर्ट. एसएसडी बोर्डावरच जोडलेली असल्याने ती गेली तर काम मोठं. जागा वाढवायला मात्र एम-डॉट-टू प्रकारच्या, पट्टीसारख्या एसएसडीसाठी वेगळा खाचा दिलाय. डिस्क गोळा करणाऱ्याने डिस्क ड्राइव्हवाली आवृत्तीच घ्यावी, पुनर्विक्रीला तिचीच विचारणा जास्त. फाइव्हच्या स्लिम या नंतरच्या, लहान आवृत्तीत ड्राइव्ह काढता-घालता येते, पण बसवल्यावर एकदा इंटरनेटवरून नोंदवावी लागते. म्हणून सुटी जुनी ड्राइव्ह घेताना ती आपल्याच मशीनला जोडून, नोंदवून, डिस्क लावून बघा आणि मगच पैसे द्या.