कुडचीचा शुक्रवार

कुडचीला पोचता पोचता माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उजव्या पायाला सिस्टरबाईंची पट्टी आधीच होती, त्यात हे. दुपारच्या विसाव्यात बाकीचे कृष्णेत पाय बुडवायला गेले आणि मी सामानाच्या टेम्पोच्या सावलीत बसून राहिलो. चप्पल धड असती तर ते बोलणं माझ्या कानावर पडलंच नसतं.

आमची वारी माघीची. आषाढीचं कौतुक जगाला. सीमाभागातल्या कितीतरी दिंड्या मात्र पौष वद्यात निघतात आणि माघ शुद्ध एकादशीला पंढरपूर गाठतात. पाऊस नाही, चिखल नाही, शाळू हुरड्यात आलेला. त्रास एकच, उसाच्या ट्रॉल्यांचा. एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडून, कर्णकर्कश गाणी लावून ट्रॅक्टर अंगावरून जातो आणि आमच्या पखवाजवाल्याचा ठेका चुकतो. काकती, हुक्केरी, रायबाग करत सहाव्या दिवशी कुडची आली. पाट्या कानडी, जेवू घालणारेही कानडी. 'ऊटा माडरी' म्हणत जोळद रोट्टी आणि शेंगाची चटणी वाढतात आणि 'ज्ञानोबा तुकाराम' आमच्याइतकंच ठसक्यात म्हणतात.

टेम्पो चाचांचा. बावीस वर्षं आमची वळकटी, भांडी, पाण्याची टाकी तेच वाहतात. सिस्टरबाई म्हणजे निवृत्त नर्स, मराठी ख्रिस्ती. चार वर्षांपासून पायांचे फोड आणि गोळ्या बघायला दिंडीबरोबर चालतात. खरोखर चालतात, टेम्पोत बसत नाहीत. गळ्यात माळ नाही, बारीक क्रूस आहे. हरिपाठ मात्र आमच्या निम्म्या लोकांपेक्षा चोख.

त्या दिवशी शुक्रवार होता. चाचा गावात जुम्मा पढून आले. कापूस गुंडाळता गुंडाळता सिस्टरबाई म्हणाल्या, "आमचाही शुक्रवार मोठा बघा चाचा. प्रभू शुक्रवारीच गेले."

"ईसा गेलेच न्हाईत की हो बाई," चाचा तितक्याच सहज म्हणाले. "वर उचलले त्यांना."

सिस्टरबाईंचा हात थांबला.

ईसा म्हणजे येशू. चाचांनी आपलं म्हणणं घरगुती भाषेत सांगितलं. कुराणातल्या सूरे निसा या अध्यायात आहे: त्यांना मारलं नाही, सुळावरही चढवलं नाही, लोकांना तसं भासवलं गेलं, अल्लाहनं त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं. भासवलं म्हणजे कसं, हे मी विचारलं. चाचा म्हणाले, दुसऱ्याच कुणाला तरी ईसांचा चेहरा दिला. मी घरी येऊन थोडं वाचलं. ओळीत कुणाचंच नाव नाही. 923 साली वारलेल्या तबरीनं कुराणावरच्या आपल्या भाष्यात यावरच्या वेगवेगळ्या कथा नोंदवल्या आहेत. एकीत बरोबरच्या सगळ्यांचेच चेहरे ईसांसारखे झाले. दुसरीत एका शिष्यानं आपणहून ते रूप पत्करलं. म्हणजे चाचांच्या बाजूलाही एकच कथा नाही.

"वधस्तंभाखाली आई उभी होती," सिस्टरबाई म्हणाल्या. "योहानाच्या शुभवर्तमानात आहे. आई आपला मुलगा ओळखणार नाही?"

चाचांना याचं उत्तर पटकन सुचलं नाही. त्यांनी स्टेपनीवर बोट घासलं, मग म्हणाले, "डोळ्यांवर पडदा टाकणारा वरचा असंल, तर आईचं तरी काय चालतंय?" पण हे म्हणताना आवाज उतरला होता.

सिस्टरबाईंनी मग तारखा काढल्या. प्रेषित पौलानं करिंथकरांना पत्र लिहिलं, बायबलात आहे, ते घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांत. त्यात मरण, पुरणं आणि तिसऱ्या दिवशी उठणं तिन्ही आहे. कुराण आलं त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी. चाचा हसले. "उशिरा आलं म्हणून काय झालं बाई? ज्यानं धाडलं त्याला काय तारीख ठाऊक नव्हती?"

इतिहासाच्या बाजूनं विचाराल तर मला सिस्टरबाईंचं पारडं जड वाटतं. टॅसिटस हा रोमन इतिहासकार काही ख्रिस्ती नव्हता, उलट त्यांना नावंच ठेवतो. तोही इ.स. 116 च्या सुमारास लिहून जातो की तिबेरियसच्या राज्यात पाँटियस पिलातानं ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. पण चाचा इतिहास सांगतच नव्हते. "अल्लाह आपल्या माणसाला असा टाकंल काय हो?" हा त्यांचा प्रश्न होता. नागडा करून, थुंकून, चोरांच्या मध्ये टांगून? त्यांना ते सोसतच नव्हतं. आणि सिस्टरबाईंचं सगळं उभं होतं ते नेमकं त्या टाकण्यावर. वधस्तंभावरून तो ओरडला ना, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ती हाक खोटी ठरली तर त्यांच्या हाती काय उरतं?

तेवढ्यात आमच्यातला कॉलेजचा पोरगा पाय पुसत आला. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "म्हणजे आत्ता ते वर आहेत, हे दोघांना मान्य?" मान्य. "आणि परत येणार, हेही?" तेही मान्य. चाचा म्हणाले, दमास्कसच्या पांढऱ्या मिनारापाशी उतरतील आणि मग इतर माणसांसारखं त्यांनाही मरण येईल. "मग भांडण फक्त मधल्या तीन दिवसांचं?"

"त्या तीन दिवसांचंच तर सगळं आहे रे बाळा," सिस्टरबाई म्हणाल्या.

तिसरं मतही आहे म्हणून मी माझं ज्ञान पाजळलं. अहमदिया पंथाचे मुसलमान म्हणतात, येशू क्रूसावर चढले पण मेले नाहीत, पुढं काश्मिरात आले. श्रीनगरच्या खानयार भागातली रोजाबल ही त्यांचीच कबर. यावर चाचा आणि सिस्टरबाई त्या दुपारी पहिल्यांदा एकमुखानं बोलल्या: "छ्या!"

न मिटणाऱ्या वादाचं आम्हा बेळगावकरांना अप्रूप नाही म्हणा. 1956 पासून नकाशावरच्या एका रेघेवर आम्ही भांडतोय, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, आणि तरी रोट्टी वाढणाऱ्याला कुणी भाषा विचारत नाही.

रात्री मुक्काम उगारला. कीर्तनात महाराजांनी नेमकं तुकोबांचं सदेह वैकुंठगमन घेतलं. 1650 ची फाल्गुन वद्य द्वितीया, देहूचा नांदुर्कीचा वृक्ष, गरुडाचं विमान. पोरगा माझ्या शेजारी पडला होता. अंधारात म्हणाला, "काका, तुकोबा खरंच देहासकट गेले? की घात झाला म्हणतात ते खरं?"

"झोप," मी म्हणालो.

झोप मलाही नव्हती. दुपारी चाचांना भाबडे ठरवून मोकळा झालो होतो, आणि हा प्रश्न माझ्या घरात दरवर्षी बीजेला निघतो. वडिलांच्या देखत कुणी 'खून' हा शब्द काढला की ते ताटावरून उठत. त्यांनाही वाचून माहीत होतं की महाराष्ट्रात या शंकेला मोठमोठ्या लोकांनी वाट करून दिली आहे. पण माझा तुकोबा कुणाच्या हातून मरेल? हे त्यांचं उत्तर होतं, आणि ते चाचांचंच उत्तर आहे.

मग चोखोबा आठवले. 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळली. विमान आलं नाही. विठ्ठलानं भिंतही धरली नाही. नामदेव गेले तेव्हा ढिगाऱ्यात सगळ्या मजुरांची हाडं मिसळलेली. ज्या हाडांतून 'विठ्ठल' ऐकू आलं ती त्यांनी वेचली आणि पंढरपुरात महाद्वारापाशी पुरली. आपण पायरीशी जाऊन आधी तिथं डोकं टेकतो. एक संत देहासकट उचललेला, एक भिंतीखाली चिरडलेला, आणि एकाच टाळावर आम्ही दोघांचे अभंग म्हणतो. वडिलांनी चोखोबांच्या शेवटावर कधी शंका घेतली नाही. का घेतली नाही, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. त्या माणसाचं असं मरण आपल्याला चालून जातं, हे काही बरं लक्षण नाही.

दुसऱ्या दिवशी अथणीत चप्पल शिवून घेतली. कोल्हापुरी म्हणून जी विकली जाते त्यातली पुष्कळशी इथं होते. तिला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आमचा बेळगाव जिल्हाही आहे. कारागिरानं अंगठा नवा घातला, वादी ओढून बघितली आणि माळ बघून पैसे घेईना. बळेच दिले.

परत आलो तर सिस्टरबाई टेम्पोच्या पायरीवर बसून एका आजीची टाच पुसत होत्या. चाचा टाकीत पाणी भरत होते. नळ बंद करून ते जरा घुटमळले. आदल्या दिवसापासून ते त्या विषयावर बोलले नव्हते.

"बाई, काल ते मरियमचं म्हणालात. तिथं उभी होती म्हणून." कुराणात नावानं आलेली बाई एकच, ती मरियम, चाचांच्या धाकट्या नातीचंही नाव तेच. "मग तिला नंतर घरी कुणी नेलं?"

"योहानानं," सिस्टरबाई वर न बघता म्हणाल्या. "प्रभूनंच वधस्तंभावरून सांगितलं त्याला, ही तुझी आई. त्या घटकेपासून त्यानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं."

चाचांनी टाकीचं झाकण लावलं, दोरी ताणून गाठ मारली.

"बरं केलं पोरानं," म्हणाले, आणि टेम्पो सुरू करायला पुढं गेले.